पोवळ्याचा रंग आणि मुगाची गाठ

धरणगावाला समुद्र नाही. आपल्या शिवारातले पाणी नाल्याओढ्यांनी गिरणेत आणि तापीत उतरते आणि तापी सुरतेपलीकडे खंबायतच्या आखाताला मिळते. ते आखात येथून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. असे असूनही समुद्राच्या पोटातला एक जीव या गावात घरोघर माहीत आहे. तो म्हणजे पोवळे. पत्रिकेत मंगळ आडवा आला की सोन्याच्या अंगठीत पोवळे बसवून ते अनामिकेत घालण्याची रीत जुनी आहे. आणि मंगळग्रहाचे देवस्थान असलेले अमळनेर तर आपल्या अगदी शेजारचे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात प्राण्यांचे वर्गीकरण शिकवीत असताना एका मुलाने आपल्या आजोबांच्या अंगठीचा दाखला देऊन विचारले, "सर, पोवळं खाणीत सापडतं की झाडाला लागतं?" वर्ग हसला. वस्तुतः तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. याच प्रश्नाने युरोपातील विद्वानांना शतकानुशतके चकविले होते आणि त्याचे पुरते उत्तर हाती आले तेव्हा ते कोणाच्याही कल्पनेपेक्षा अद्भुत निघाले. त्या उत्तराची आज पुन्हा आठवण करण्याचे कारण एवढेच, की प्रवाळाच्या शरीरात दोन जीवांनी लक्षावधी वर्षे चालविलेला एक संसार आपल्या डोळ्यांदेखत मोडू लागला आहे. आणि त्याच जातीचा दुसरा एक संसार आपल्याच शेतातील काळ्या मातीत, आपल्या पायांखाली चालू असून त्याकडेही आपले लक्ष नाही.

प्राणी की वनस्पती?

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोवळे ही समुद्रातील वनस्पती आहे, असेच बहुतेक विद्वान मानीत. तिला फांद्या असतात आणि त्या फांद्यांवर पांढरी 'फुले' उमलतात, मग ती वनस्पती नाही तर काय? मार्से येथील एक वैद्य जाँ आंद्रे पेसोनेल याने समुद्रातून काढलेली जिवंत पोवळी समुद्राच्याच पाण्यात ठेवून पाहिली. त्याला दिसले ते असे, की ही 'फुले' स्पर्श होताच आकसून आत जातात आणि पाणी शांत झाले की पुन्हा उमलतात. तेव्हा ती फुले नव्हेत, ते चिमुकले प्राणी होत, असा निष्कर्ष त्याने काढला. १७२७ साली हे मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले, तेव्हा ते मांडणाऱ्या रोमूर या प्रख्यात शास्त्रज्ञाने पेसोनेलचे नावच घेतले नाही. एवढे विक्षिप्त मत प्रसिद्ध करून बिचाऱ्याचे हसे होऊ नये, हा त्यामागील दयाबुद्धीचा हेतू! पुढे पेसोनेलचेच म्हणणे खरे ठरले. प्रवाळ हा जेलीफिशच्या कुळातील प्राणी आहे. त्याच्या एका घटकाला पॉलिप म्हणतात. तोंडाभोवती दंश करणारे शुंडक असलेली ही जणू एक लहानशी पिशवीच असते. आपल्याभोवती ती चुन्याचा सांगाडा रचते. अशा असंख्य पॉलिपांच्या पिढ्यांनी रचलेल्या सांगाड्यांतून प्रवाळभित्ती आणि बेटे उभी राहतात.

परंतु गोष्ट येथेच संपली नाही. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने, प्रवाळासारख्या प्राण्यांच्या शरीरात दिसणारे पिवळसर तपकिरी कण हे प्राण्याचे अवयव नसून स्वतंत्र एकपेशीय शैवाल आहेत, असे दाखवून त्यांना नावही दिले. म्हणजे ज्यांनी प्रवाळाला वनस्पती म्हटले ते चुकले खरे, पण पुरते चुकले नव्हते. भित्ती रचणारा प्रवाळ हा प्राणी आहे. त्या प्राण्याच्या पेशींत वनस्पतीप्रमाणे उन्हावर अन्न तयार करणारा जीव नांदतो आहे. आणि दोघे मिळून दगड घडवीत आहेत. प्राणी, शैवाल आणि दगड यांचा असा त्रिवेणी संगम अन्यत्र क्वचितच आढळेल.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. अंगठीतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात अंधुक उजेडाच्या जागी वाढते आणि त्याच्यात हे शैवाल नसते. त्याचा तांबडा रंग त्याच्या सांगाड्याचाच आहे, म्हणून तो मेल्यावरही टिकतो. भित्ती रचणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांचा रंग मुख्यतः जिवंत मांसाचा आणि त्यातील शैवालाचा असतो. तो उसना रंग आहे, भागीदार आहे तोवरच टिकणारा. पुढील सारी कथा या उसन्या रंगाची आहे.

चौदा आण्यांची बटाई

या शैवालाची एक पेशी साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेत, अशा दहा लाख किंवा त्याहूनही अधिक पेशी असू शकतात. त्या प्रवाळाच्या आतल्या थरातील पेशींत राहतात. दिवसा सूर्यप्रकाश घेऊन त्या प्रकाशसंश्लेषणाने साखर व इतर पोषक द्रव्ये तयार करतात आणि त्यांतील फार मोठा वाटा यजमानाला देतात. अनुकूल परिस्थितीत हा वाटा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. खानदेशात निम्म्या बटाईने शेत करण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. येथे बटाईदार रुपयातले चौदा आणे मालकाला देऊन दोन आण्यांवर संसार करतो!

मग बटाईदाराला मिळते काय? राहायला सुरक्षित घर, उन्हाच्या दिशेला पसरलेले अंगण, यजमानाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या मलातील नत्र व स्फुरद. उष्ण कटिबंधातील निळ्या स्वच्छ समुद्रात पोषक द्रव्यांचा दुष्काळ असतो. पाणी स्वच्छ दिसते ते त्यामुळेच. अशा दुष्काळात एकाचा टाकाऊ माल हा दुसऱ्याचा कच्चा माल होतो आणि दुसऱ्याचा पक्का माल पहिल्याचे अन्न होते. घरातले काहीच वाया जात नाही. शिवाय प्रवाळाचे सांगाडा रचण्याचे काम अंधारापेक्षा उजेडात अधिक वेगाने चालते, हे १९५९ साली थॉमस गोरो याने दाखवून दिले. म्हणजे घर बांधण्याच्या कामीही बटाईदाराचा हातभार आहे.

या सहकार्याचे फळ केवढे? समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर असलेल्या प्रवाळभित्तींच्या आश्रयाने सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती जगतात. मासे, शेवंडे, खेकडे, शिंपले, सारे त्या वस्तीचे रहिवासी. समुद्रातील या ओॲसिसचे पाणी वाहणारा मोट्या कोण, तर डोळ्यांना न दिसणारा एक शैवालकण.

शास्त्रज्ञांनाही हे सहज उमगले नाही. १९२८-२९ साली मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने प्रवाळांचा कसून अभ्यास केला. पण शैवाल प्रवाळाला अन्न पुरवते, हे याँग यांना मान्य नव्हते. १९५८ साली प्रवाळाचाच नातेवाईक असलेल्या समुद्रफुलावर किरणोत्सर्गी कार्बन वापरून प्रयोग झाला. शैवालाने उन्हात बनविलेल्या अन्नातील कार्बन यजमानाच्या शरीरात पोहोचल्याचे त्यातून सिद्ध झाले, आणि मग वादाची दिशाच बदलली.

मालवणचे प्रवाळ

ही सारी गोष्ट परदेशची आहे, असे मात्र कोणी समजू नये. मालवणजवळ कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला उभारला. त्या किल्ल्याच्या परिसरातील उथळ पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. सिंधुदुर्ग किल्ल्याचा आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळ पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असून किनाऱ्यापासून दूर असलेल्या स्वच्छ पाण्यात एवढ्या खोलीवरही ऊन पोहोचते.

मग आपल्या तापीच्या मुखाशी प्रवाळ का नाहीत? कारण तेथील पाणी गाळाने गढूळ असते आणि नदीचे गोडे पाणी समुद्राचा खारटपणा कमी करते. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. ऊन नाही तेथे शैवाल नाही. शैवाल नाही तेथे भित्ती रचण्याचे बळ नाही. मालवणच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात गढूळ पाण्याला तोंड द्यावे लागते. म्हणूनच तेथील प्रवाळ लक्षद्वीपसारखी मोठी बेटे रचीत नाहीत, खडकांना बिलगून काटकपणे राहतात.

लाल समुद्र असो की मालवण, सर्वत्र या संसाराची एक अट सारखीच आहे, आणि ती अट आहे तापमानाची. समुद्राचे पाणी त्या जागेच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाददुसऱ्या अंशाने वाढले आणि ती वाढ काही आठवडे टिकली, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. खानदेशी माणसाला हे वाचून आश्चर्य वाटेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी आपण डोक्याला उपरणे गुंडाळून बाजार करतो. तेथे एका अंशाने घर मोडते!

ते का मोडते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण लेखाचा सारा मुद्दा त्यातच आहे. उष्णता आणि प्रखर ऊन यांच्या एकत्रित माऱ्याने शैवालाची अन्न तयार करण्याची यंत्रणा बिघडते. ज्या यंत्रणेतून कालपर्यंत साखर मिळत होती, त्यातूनच आता ऑक्सिजनची दाहक, विषारी रूपे बाहेर पडू लागतात आणि यजमानाच्या पेशींना इजा करतात. मग प्रवाळ आपल्या अन्नदात्याला बाहेर घालवितो. मांस पारदर्शक असल्याने खालचा पांढरा शुभ्र सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेत प्रवाळ लगेच मरत नाही. तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर उरलेसुरले शैवाल पुन्हा वाढतात, बाहेरून नवे येतात आणि संसार पुन्हा मांडला जातो. पाणी निवले नाही तर काही आठवड्यांत उपासमारीने मृत्यू. यात शैवालाने दगा दिला नाही की प्रवाळाने कृतघ्नपणा केला नाही. दोघे तेच आहेत; ज्या परिस्थितीच्या भरवशावर करार झाला होता, ती परिस्थिती तिसऱ्याने बदलली. तो तिसरा म्हणजे कोळसा आणि तेल जाळणारा माणूस.

१९९८ साली जगभरच्या प्रवाळांवर ही आपत्ती आली, तेव्हा आपल्या लक्षद्वीपमधील प्रवाळांची मोठी हानी झाली. २०१० आणि २०१६ साली तेथे पुन्हा तोच प्रसंग ओढवला. मालवणच्या प्रवाळांतही २०१४ साली आणि नंतर २०१५-१६ च्या सुमारास पांढरे पडण्याचे प्रकार अभ्यासकांनी नोंदविले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी चौथी जागतिक घटना जाहीर केली. जानेवारी २०२३ पासूनच्या सुमारे सव्वादोन वर्षांत जगातील ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला पांढरे पाडण्याइतका ताप सोसावा लागला. पूर्वी दोन आपत्तींच्या मध्ये सावरण्यास पुष्कळ वर्षे मिळत. आता जखम भरते न भरते तोच दुसरा घाव बसतो. रोग एकदा आला यापेक्षा दोन आजारांमधला अवकाश आटला, ही अधिक गंभीर गोष्ट होय.

काळ्या मातीतला संसार

आता समुद्र सोडून आपल्या शिवारात येऊ. सहजीवन हा शब्द शास्त्राला ज्या पदार्थामुळे लाभला, तो आपल्या स्वयंपाकघरातच आहे. खानदेशी काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल ही एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र नांदण्यातून ते बनलेले असते. १८६० च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितले, तेव्हा त्या विषयातील जाणकार त्याच्यावर तुटून पडले होते. परंतु दगडफुलांसारख्या उदाहरणांवरूनच १८७९ साली आंतोन द बारी याने, भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहण्याला शास्त्रीय संज्ञा रूढ केली.

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे, कारण त्यावर आपली भाकरी अवलंबून आहे. कळण्याच्या भाकरीतला उडीद, आमटीतला मूग, वरणाची तूर आणि रब्बीतला हरभरा ही सारी पिके प्रवाळासारखाच संसार करतात. त्यांच्या मुळांवर लहान गाठी असतात आणि त्या गाठींत रायझोबियम कुळातील जिवाणू राहतात. हवेत चार पंचमांश नत्र आहे, पण ते कोणत्याही पिकाला थेट घेता येत नाही. जिवाणू ते पकडून पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात देतात. पीक त्यांना पानांत तयार झालेली साखर देते. प्रवाळाच्या घरात बाहेरचा भागीदार साखर आणतो, मुगाच्या घरात तो नत्र आणतो; एवढाच काय तो फरक. १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी हे रहस्य उलगडले. हेच काम कारखान्यात करावयाचे तर चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. मुगाचे मूळ ते श्रावणातल्या ओल्या मातीत, बिनबोभाट करते.

हा संसार उष्णतेनेही बिघडतो, परंतु आपल्याकडे तो मोडण्याचे मुख्य कारण निराळे आहे. ते आहे आयते मिळणारे नत्र. मातीत नत्र भरपूर असले की पीक जिवाणूंसाठी साखर खर्च करीत नाही. गाठी कमी धरतात, लहान राहतात, आतून फिक्या पडतात. पिकाच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. दारात फुकट धान्य पडले असता बटाईदार कोण ठेवील? म्हणूनच कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत मूग व उडदाला हेक्टरी २० किलो नत्र आणि त्याच्या दुप्पट, ४० किलो स्फुरद सांगितलेले असते. थोडे नत्र रोपाला आरंभी आधार म्हणून; बाकीचे त्याने भागीदाराकडून मिळवावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात काय घडते? युरिया नियंत्रित भावाने स्वस्त मिळतो, स्फुरदाची खते महाग पडतात. हात साहजिकच स्वस्त पोत्याकडे जातो. त्यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. ज्या किमती त्याच्यापुढे ठेवल्या आहेत, त्याच त्याला ही वाट दाखवितात.

विस्मयाची गोष्ट अशी, की समुद्रातही नेमके हेच घडते. किनाऱ्यावरून सांडपाणी आणि खतांचे नत्र वाहून आले की प्रवाळातील शैवाल जोमाने वाढतात, परंतु जोडीला पुरेसे स्फुरद नसेल तर ते आतून दुबळे होतात. आणि अशा प्रवाळाला मग थोडी उष्णताही सोसत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे दाखविले आहे. नत्राचा अतिरेक आणि स्फुरदाची वाण हा असमतोल मुगालाही मानवत नाही आणि प्रवाळालाही मानवत नाही.

सहजीवन म्हणजे संतवचन नव्हे

अशा विषयावर लिहिताना एक मोह टाळावा लागतो. निसर्गातील सहकार्य दाखवून माणसांना परस्परप्रेमाचा उपदेश करण्याचा तो मोह. शाळेत आपण मुलांना 'जीवनकलह' शिकवितो आणि त्याला उत्तर म्हणून 'सहजीवन' पुढे करतो, जणू एक कौरवांचा पक्ष आणि दुसरा पांडवांचा. खरे पाहता प्रवाळ आपल्या शैवालाला नत्राच्या बाबतीत जाणूनबुजून हात आखडता घेतल्यासारखे ठेवतो. नत्र अपुरे असल्यामुळेच शैवालाला साखरेचा उपयोग स्वतःच्या वाढीसाठी करता येत नाही आणि ती यजमानाला मिळते. २००३ साली सोयाबीनवर झालेल्या एका प्रयोगात तर गाठींभोवतीच्या हवेतील नत्र काढून घेऊन जिवाणूंचे काम बंद पाडण्यात आले. तेव्हा झाडाने त्या निरुपयोगी गाठींचा ऑक्सिजन तोडल्याची लक्षणे दिसली. काम नाही तर दाणापाणी नाही! येथे दानधर्म नाही, भाबडेपणा नाही. हिशेब आहे, आणि तो चोख आहे.

परंतु या हिशेबामुळे सहजीवनाचे मोल कमी होत नाही, उलट त्याचा खरा धडा स्पष्ट होतो. दोन भिन्न स्वभावांचे जीव परस्परांवर प्रेम असल्यामुळे एकत्र टिकतात असे नाही. दोघांचीही गरज कायम आहे आणि भोवतालची परिस्थिती मर्यादेत आहे, तोवर ते टिकतात. असे नाते दोन प्रकारांनी तुटते. सोसवणार नाही एवढा ताण आला तर तुटते, आणि गरजच उरणार नाही एवढी आयती सुबत्ता आली तरी तुटते. प्रवाळ पहिल्या प्रकाराने चालला आहे, मूग दुसऱ्या प्रकाराने. दोन्ही ठिकाणी ताण आणि सुबत्ता आपणच पुरविली आहे. आणि दोन्ही ठिकाणी हानीची पहिली खूण रंगाचीच आहे: प्रवाळ पांढरा पडतो, गाठ फिकी पडते.

मग आपण करावे काय? समुद्राचे तापमान धरणगावातून उतरविता येणार नाही. त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी कोळसा आणि तेल यांचा वापर आवरला पाहिजे. परंतु ज्या प्रवाळांना सांडपाणी, गाळ, नांगर आणि माणसांचे पाय यांचा उपद्रव कमी, त्यांना तापातून सावरण्याची संधी अधिक. म्हणून मालवणचे अभयारण्य कागदावर राहू नये आणि आंग्रिया बँकेसारखे पठार किनाऱ्यापासून दूर आहे म्हणून वाऱ्यावर सोडले जाऊ नये, असा आग्रह धरण्याचा अधिकार समुद्रकाठच्या लोकांइतकाच आपल्यालाही आहे. भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना दिले गेले. दिवाळीच्या सुटीत तारकर्ली-मालवणला जाणारी कुटुंबे आता आपल्या भागातूनही पुष्कळ असतात. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय न ठेवणे आणि आठवण म्हणून त्याचा तुकडा न आणणे, एवढे तरी त्यांच्या हाती आहे.

शिवारातले काम मात्र सर्वस्वी आपले आहे. पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियमचे जिवाणू संवर्धक चोळावयाचे, ही काही मोठी खर्चाची बाब नव्हे. कपाशीच्या ओळींत मूग-उडदाच्या ओळी घेण्याची जुनी पद्धत कोणत्या अंधश्रद्धेतून आली नव्हती; आमच्या वाडवडिलांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण मुगानंतरचे पीक बरे येते हे ठाऊक होते. ती पद्धत मागे पडू देऊ नये. आणि सरकारने खतांच्या किमती ठरविताना स्वस्त नत्र आणि महाग स्फुरद या जोडीचा मातीवर काय परिणाम होतो, याचा हिशेब खजिन्याच्या हिशेबाइतक्याच काळजीने मांडावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करून हा लेख पुरा करतो. सहजीवनाचा धडा फळ्यावर आटोपू नका. नागपंचमीच्या सुमारास, मूग फुलावर असताना, मुलांना जवळच्या शेतात न्या. मालकाची परवानगी घेऊन एक रोप खुरप्याने हळूच मातीसकट काढा, उपटू नका, कारण उपटल्याने गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात धुवा. एक गाठ नखाने फोडा. ती आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामावर आहेत असे समजा. तो रंग आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याच्याच एका भाऊबंदाचा आहे. हिरवट किंवा पांढरट निघाली तर तेथे काम थंडावले आहे. मग त्या शेतात काय घातले होते, हे मुलांनाच मालकाला विचारू द्या.

अंगठीतल्या पोवळ्याविषयी विचारणाऱ्या त्या मुलाला मी त्या दिवशी अर्धेच उत्तर दिले होते. पोवळे हा प्राणी आहे, एवढे सांगून मी पुढच्या प्रकरणाकडे वळलो होतो. आज तो पुन्हा भेटला तर त्याला प्रथम मुगाची गाठ दाखवीन आणि मग मालवणच्या प्रवाळाची हकिकत सांगेन. कोणता जीव कोणाच्या आधाराने उभा आहे, हे तो आधार सुटण्यापूर्वीच ओळखता यावे, यासाठीच तर शास्त्र शिकावयाचे असते.